एअरबॅगनंतरचं मौन

गळ्यात नळी घालून पडलेल्या माणसाला मराठीत वाचायला फारसं काही मिळत नाही. मी हॉस्पिटलच्या खाटेवरून बरंच शोधलं. सापडलं त्यातलं काही डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी होतं, आणि उरलेल्यात आजारी माणूस शेवटच्या परिच्छेदात आजाराचे आभार मानत होता. आजाराने मला जगायला शिकवलं वगैरे. मला जगणं आधीपासून साधारण येत होतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की आवाज गेलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, आणि गेलेला आवाज परत येतो का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आता देऊ शकते. दुसऱ्याचं डॉक्टरांनाही देता येत नव्हतं.

गाडी

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अधिकारी आहे. कार्यालय चेन्नईत, नुंगंबाक्कमला. नवरा श्रीपाद पुण्यात असतो. त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे म्हणून तो तिथे, आणि माझी नोकरी बदलीची म्हणून मी इथे. मूलबाळ नाही. आमचा संसार गेली कित्येक वर्षं फोनवर चालतो. रोज संध्याकाळी मी फोन लावते आणि विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो, जेवलो." मग पुढचं काय ते बोलणं. लग्न टिकवण्याचे याहून थोर मार्ग असतील, पण आमचं याच्यावर टिकलं.

बदलीच्या नोकरीत आम्हा मराठी मंडळींची एक रीत आहे. जाणारा माणूस येणाऱ्याला नुसती खुर्ची देत नाही, मागे राहिलेला सगळा संसार देतो. गॅसची शेगडी, कामवाली बाई, कढीपत्त्याची कुंडी, मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतली जागा आणि गाडी. मला हे सगळं पांढरीपांडे साहेबांकडून मिळालं. ते मूळचे नागपूरचे. त्यांचं आडनाव आमच्या ऑफिसातल्या तमिळ मंडळींना कधीच पेललं नाही. ते त्यांना 'पांडे सर' म्हणत, उत्तर प्रदेशातले समजून त्यांच्याशी हिंदीत बोलत, आणि साहेबही आनंदाने हिंदीत उत्तर देत. निवृत्त होऊन नागपूरला परत जाताना त्यांनी आपली रुपेरी गाडी मला दिली. चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून, किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी एकच सूचना केली. "ताई, दुसरा गिअर लाडात घ्यायचा. जबरदस्ती केली की रुसते."

गाडीबरोबर डॅशबोर्डवर चिकटवलेला पितळी गणपती आला आणि अंबत्तूरचा मेकॅनिकही आला. तो आमच्या मंडळींचा पिढीजात मेकॅनिक. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या दाराआड बसून कॉफी पिण्यापेक्षा 'आपल्या माणसा'कडे गाडी टाकावी, हाही त्या रीतीचाच भाग. कागदपत्रं रीतसर माझ्या नावावर झाली होती. पण कंपनीच्या दारात ती गाडी साहेब गेल्यावर कोणी नेलीच नाही. त्यामुळे कंपनीच्या दप्तरी तिचे मालक पांढरीपांडेच राहिले, आणि फोन नंबरही त्यांचाच.

आमच्या मंडळात अशा गाड्या बऱ्याच आहेत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

धडक

सकाळी ऑफिसला जात होते. पुढच्या बसने ब्रेक मारला आणि माझी गाडी तिच्यावर जाऊन आदळली. एरवी मी खाली उतरले असते, आधी इंग्रजीत आणि मग तमिळमध्ये थोडी बाचाबाची झाली असती, आणि मी उशिरा का होईना ऑफिसात पोचले असते. तशी ती धडक होती.

एअरबॅगबद्दल मला तोवर एवढंच ठाऊक होतं की ती असते. आता थोडं जास्त ठाऊक आहे. पिशवी फुगवण्यासाठी स्टिअरिंगच्या आत एक धातूची डबी असते. त्या डबीत छोटासा स्फोट होतो. स्फोट डबीने आत सांभाळायचा आणि हवा तेवढी पिशवीला द्यायची, असा करार आहे. माझ्या डबीने करार मोडला. ती स्वतःच फुटली आणि तिचा एक तुकडा पिशवी फाडून माझ्या गळ्यात शिरला. वैद्यकीय आणि यांत्रिक माहिती इथे संपली.

बसचा कंडक्टर धावत आला. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "ओण्णुम इल्लै अम्मा, ओण्णुम इल्लै." काही नाही झालं, काही नाही झालं. हे म्हणताना तो माझ्या गळ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा अगदी उलट सांगत होता. मला त्याला माझं नाव सांगायचं होतं. तोंड उघडलं, ओठ हलले, काहीच आलं नाही. मला वाटलं, आपले कान गेले. मग मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले.

स्टीलची वाटी

डॉक्टर कावेरी वयाने माझ्या भाचीएवढ्या. शस्त्रक्रियेनंतर मला नीट शुद्ध आली तेव्हा त्या एक स्टीलची वाटी घेऊन आल्या. वाटीत नखाएवढा, कडा वाकलेला काळसर तुकडा होता.

"हा बसचा नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हा तुमच्या गाडीतला आहे. आम्हीही असं फार पाहिलेलं नाही."

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. गळ्यात दोन पडदे असतात. बोलताना ते जवळ येतात. माझा एक पडदा त्यांनी शिवला होता आणि दुसऱ्याची नस दुखावली होती, त्यामुळे तो हलत नव्हता. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. ती नळी निघेल, भोक बुजेल. पण आवाजाचं बघावं लागेल. तोवर पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजीने पडद्यांवर जास्त ताण येतो.

लिहायला माझ्या उशाशी एक पाटी ठेवली होती. तिच्यावर मी लिहिलं, 'येईल का?'

त्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मग बंद केलं. त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. "येऊही शकतो," त्या म्हणाल्या. "नस कधी कधी जागी होते. कधी कधी नाही होत. आधीचाच आवाज येईल असं मात्र समजू नका."

त्या गेल्यावर मी छताकडे बघत पडले. मी गाणारी नाही, भाषणं करणारी नाही. माझा आवाज कोणाला आठवावा असा कधीच नव्हता. पण पुण्यातल्या एका घरात तो रोज संध्याकाळी जात होता, आणि त्या घरात माझं तेवढंच होतं.

हॉस्पिटल

न बोलणाऱ्या माणसाशी लोक मोठ्याने बोलतात. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वॉर्डबॉय, साफसफाईची बाई, बघायला आलेले ऑफिसातले लोक, सगळे माझ्या कानाशी येऊन ओरडत. मी पाटीवर लिहायचे, 'ऐकू येतं.' ते ही गोष्टसुद्धा ओरडून वाचत.

सकाळची सिस्टर मात्र हळू बोलायची. नळीतला कफ यंत्राने ओढून काढताना जीव घशात येतो, शब्दशः. ते करताना ती एक हात माझ्या कपाळावर ठेवायची आणि म्हणायची, "पेसादींग अम्मा, पेसादींग." बोलू नका. जणू मी बोलायचं ठरवलं तर ते जमणार होतं! एवढा विश्वास माझ्यावर तेव्हा दुसऱ्या कोणी दाखवला नाही. आणि ड्यूटी संपवून जाताना ती विचारायची, "साप्टींगळा?" जेवलात का? माझ्या नाकातून पोटात नळी गेलेली, तिनेच त्यातून पातळ अन्न सोडलेलं, तरी ती विचारायची. या शहरात कोणीही कोणालाही भेटलं की आधी हेच विचारतात. मी मान डोलवायचे. आणि दिवसातल्या इतर कुठल्याही वेळेपेक्षा मला तेव्हा जास्त एकटं वाटायचं, कारण हा प्रश्न विचारण्याचं काम माझं होतं.

गणपतीबद्दलही सांगायला हवं. तो मागच्या सीटखाली जसाच्या तसा सापडला. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, बाप्पा होता म्हणून वाचलात. मी पाटीवर लिहिलं, 'बाप्पाने आधी स्वतःची सोय पाहिली.' श्रीपादने ते घाईने पुसून टाकलं.

तो पुण्याहून लगेच आला होता. आईकडे त्याने एक बाई ठेवली होती. तो माझ्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असायचा. इतके दिवस सलग आम्ही एका खोलीत कधी राहिलो होतो ते दोघांनाही आठवेना. त्याला मी कशी झोपते हे नव्याने कळत होतं आणि मला तो किती सुस्कारे सोडतो हे. फोनवर सुस्कारे ऐकू येत नाहीत.

कंपनीची माणसंही आली. दोघे जण, सूटबूट, आणि एवढा मोठा पुष्पगुच्छ की सिस्टरने तो संसर्गाच्या भीतीने दारातच अडवला. त्यांच्या बोलण्यात 'दोष' हा शब्द एकदाही आला नाही. कंपनीने म्हणे 'स्वेच्छा ग्राहक सुरक्षा अभियान' चालवलं होतं. त्या अभियानात गाडी आणली तर ती डबी फुकट बदलून मिळत होती. बॉम्ब काढून घेण्याला अभियान म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दसंपत्तीचं मला कौतुक वाटलं.

"आम्ही गाडीच्या मालकांना वारंवार फोन केले, मॅडम," त्यातला मोठा म्हणाला. त्याने मोबाइलवर नाव शोधलं. "मिस्टर पांढरी... पांडे."

श्रीपादने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले.

"आता काळजी नको," तो माणूस पुढे म्हणाला. "तुमच्या गाडीची नोंद आम्ही बंद केली आहे. तिच्याबद्दल आता कोणालाही फोन जाणार नाही."

अभियानाच्या दृष्टीने माझी गाडी पूर्ण झाली होती. डबी तर निघालीच होती.

घर

नळी निघाली, भोक बुजलं, मी घरी आले. काही दिवसांनी पुण्याची बाई काम सोडून गेली आणि श्रीपादला परत जावं लागलं. निघताना तो चिडला होता. आईवर, त्या बाईवर, माझ्यावर, विमानकंपनीवर. मी पाटीवर लिहिलं, 'जा तू.' तो म्हणाला, "तू 'जा' असं लिहितेस तेव्हा त्यात तुझा सूर नसतो, वसू. तू रागावून म्हणतेस की मनापासून, ते मला कळत नाही." मलाही कळत नव्हतं.

दारात त्याने वचन घेतलं. आवाज आला तर पहिलं वाक्य त्याला. फोनवर.

मग रोज संध्याकाळी तो फोन करायचा आणि एकटाच बोलायचा. आई, दूध, सोसायटीची मीटिंग. मी मोबाइलवर नखाने टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. सुरुवातीला तो खूप बोलला. हळूहळू फोन आखूड होत गेले. माणूस भिंतीशी किती बोलणार? शेवटी शेवटी तो फोन ठेवायचा आणि माझी टिचकी अर्धवट हवेत राहायची.

आजारपणात माणूस एकटा पडतो हे मी ऐकून होते. पण एकटं पडण्याचा एक आवाज असतो हे ठाऊक नव्हतं. फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, रस्त्यावरच्या भाजीवाल्याची तमिळ हाळी. त्या सगळ्यांत मराठी कुठेच नव्हतं. पूर्वी मी कांदा चिरताना स्वतःशी पुटपुटायचे. घरातली मराठी म्हणजे तेवढीच होती, हे ती बंद झाल्यावर कळलं.

शेजारच्या कमलाबाई म्हणजे त्यातल्या त्यात दिलासा. त्या तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या, वयाने सत्तरीच्या पुढे. त्यांच्या घराण्याची मराठी इथे इतक्या पिढ्यांपूर्वी आली की तिला आता तमिळचा हेल चढलाय. त्या रोज रसम घेऊन यायच्या आणि समोर बसून मला ते प्यायला लावायच्या. "तुम्हांस बोलणे येईल वैनी," त्या म्हणायच्या. "परवायिल्लै, हरकत नाही. तोवर मी बोलते."

वाणी-उपचारांसाठी शांती नावाची मुलगी घरी यायची. आधी नुसतं गुणगुणणं, ओठ मिटून, मधमाशीसारखं. कित्येक दिवस माझ्या छातीतून फक्त वारा यायचा. मग एके दिवशी त्या वाऱ्यात काहीतरी घासलं. दाराच्या बिजागरीसारखं. शांतीने टाळ्या वाजवल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण तो आवाज आलेला होता आणि माझा नव्हता.

पुढे सुटे शब्द. शांती म्हणाली, "मातृभाषेतले घ्या अम्मा. बरोबर आहेत की नाही ते मला कळणार नाही, मी फक्त आवाज ऐकेन." परीक्षक म्हणून कमलाबाई बसल्या. मी घोगऱ्या आवाजात "पोळी" म्हटलं. कमलाबाई म्हणाल्या, "ती गोड." मी मान हलवली, नाही, साधी, रोजची. "पोळी साधी कशी असेल, वैनी?" त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणाचीच; माझा पहिला शब्द असा वादग्रस्त ठरला.

त्या आठवड्याच्या शेवटी शांतीने परवानगी दिली. रविवारी एक वाक्य. छोटं. फार तर दोन. त्यानंतर दिवसभर विश्रांती, नाहीतर शिवलेला पडदा सुजेल आणि होतं तेही जाईल, हे तिने दरडावून सांगितलं.

मी श्रीपादला मेसेज केला. त्याने नुसतं उद्गारचिन्ह पाठवलं. वाक्य काय असावं यावर मी थोडा विचार केला. मग तो सोडून दिला. वाक्य ठरलेलंच होतं.

पांढरीपांडे साहेबांचा फोन

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मला बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. आजारपणात मला कळलं की ज्याला मधे बोलता येत नाही, त्याला जगात फार मागणी आहे.

"ताई, तुम्ही नुसतं ऐका, हवं तर टिचकी मारा," ते म्हणाले आणि सुरू झाले. नागपूरचं ऊन, गुडघे, मुलगी अनघा कॉलेजात शिकवते, तिच्या कॉलेजातलं राजकारण. मग आवाज उतरला. "ताई, माझ्या मनाला फार लागलं पाहा. एवढी गुणाची गाडी. अहो, मला ती इतकी आवडायची की इथे आल्यावर मी तस्सीच दुसरी घेतली. वापरलेली, पण कंपनीच्याच शोरूममधून. तेच मॉडेल, तेच साल, रंगही तोच. आता अनघाच चालवते. मी तर तिला म्हटलं, चेन्नईची आठवण आहे, सांभाळून चालव."

मी टिचकी मारली. एक. मग दोन. मग कितीतरी.

"हो ना, हो ना," साहेब म्हणाले. "आणि ते कंपनीवाले! ते फोन अजून येऊन राहिले ना बाप्पा! परवाही आला. मी सांगितलं त्या बाईला, अहो, चेन्नईची गाडी मी कधीच विकली, आणि तिचं तर आता भंगारही झालं. कशाला जखमेवर मीठ चोळून राहिल्या?"

मी मोबाइलवर नखं वाजवत होते. साहेबांना ती दाद वाटत होती. "चला ताई, तुम्ही दमल्या असाल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

माझ्या गाडीबद्दल आता कोणालाही फोन जाणार नाही, असं कंपनीच्या माणसाने माझ्या खाटेशी उभं राहून सांगितलं होतं. मग परवाचा फोन कोणत्या गाडीचा होता?

मी साहेबांना मेसेज लिहिला. सविस्तर, मुद्देसूद, जसं आयुष्यभर लिहीत आले तसं. कंपनीच्या पानाची लिंक दिली, तिथे चासी नंबर टाकून बघा म्हटलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. गुलाबाचं फूल, 'लवकर बऱ्या व्हा', आणि खाली: 'ताई, असे फॉरवर्ड फार फिरून राहिले. लिंक उघडू नका, फसवणूक असते.'

श्रीपादला कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'आईला ताप आहे, उद्या बघतो. आणि त्यांना असं काही लिहू नकोस ज्याने वाटेल की आपण त्यांना दोष देतोय.' त्याचंही चूक नव्हतं. सज्जन माणसं एकमेकांना अशीच जपतात.

शनिवार सकाळ

सकाळी कमलाबाई रसम घेऊन आल्या तेव्हा मी सगळं पाटीवर लिहून तयार ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे बरं. "मी सांगते." आपल्या फोनवरून त्यांनी नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"साहेब, मी चेन्नैतून बोलते. तुमच्या लेकीच्या गाडीत धोका आहे. तीस गाडी चालवूं देऊं नका."

मग साहेब म्हणाले, "बाई, मराठी शिकून फसवायला लागले का आता तुम्ही लोक?" आणि फोन बंद.

कमलाबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या घराण्याने इतक्या पिढ्या सांभाळलेली भाषा, आणि तिची ही संभावना! "त्यांस माझी मराठी खोटी वाटली, वैनी," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. खिन्न झाल्या होत्या.

अनघा शनिवारीही कॉलेजला जाते, हे साहेबांनी आदल्या दिवशी तपशीलवार सांगितलं होतं. मी माझा फोन उचलला.

कमलाबाईंनी माझा हात धरला. "उद्याचे वाक्य?"

मी नंबर लावला.

"हां ताई! टिचकी मारा," साहेब म्हणाले.

"साहेब," मी म्हणाले. "मी वसुधा."

तो आवाज माझा मलाच अनोळखी होता, त्यांचा काय दोष. "कोण बोलून राहिलं?" साहेब ओरडले. "ताईंचा फोन तुमच्याकडे कसा आला? ताईंना बोलता येत नाही! लाज नाही वाटत, आजारी बाईचा फोन चोरायला?" आणि फोन बंद.

घशात वाळू भरल्यासारखं झालं होतं. दोन वाक्यांपैकी एक साहेबांना ओळख सांगण्यातच संपलं होतं. कमलाबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहिल्या. मी विचार केला, की मी मीच आहे हे या माणसाला कशाने पटेल? माझं पद, माझं आडनाव, माझा पत्ता, हे कोणत्याही चोराला ठाऊक असतं.

पुन्हा नंबर लावला. त्यांनी उचलला तो भांडायच्या तयारीनेच. मी त्यांना सुरुवात करू दिली नाही.

"दुसरा गिअर लाडात घ्यायचा."

मी मोजून श्वास घेतला.

"जबरदस्ती केली की रुसते," मी म्हणाले. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला.

"ताई?" साहेब अगदी हळू म्हणाले. "ताई, तुमचा हा आवाज...?"

"ते फोन अनघाच्या गाडीचे आहेत," मी म्हणाले. निम्मे शब्द नुसता वारा होते. "तीच डबी. तिला थांबवा."

त्यांनी फोन ठेवला नाही. तो त्यांच्या हातातून कुठेतरी टेकवला गेला असावा, कारण मला त्यांचं घर ऐकू आलं. चपला सरकल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, कोणीतरी बाई विचारत होती, "अहो, काय झालं?" आणि मग लांबून, फाटकापाशी असावं तिथून, साहेबांचा कधी ऐकला नव्हता असा आवाज: "अनघा! बंद कर! बंद कर गाडी, उतर आधी!"

गाडीचं दार आपटलं. मग एका तरुण बाईचा त्रासलेला स्वर, "बाबा, लेक्चर आहे माझं!"

मी फोन कानाला लावून बसून राहिले. पलीकडे ते घर मराठीत भांडत होतं. मला ठेवावासा वाटत नव्हता.

त्यानंतर

डबी बदलून आली. कंपनीने नव्हे, साहेबांनी स्वतः मला फोटो पाठवला. गुलाबाशिवाय.

हे वाचणाऱ्यांसाठी कामाचं एवढंच: गाडी कोणाकडून घेतली असेल तर तिचा चासी नंबर कंपनीच्या पानावर आजच टाकून बघा, आणि कंपनीच्या दप्तरी आपला फोन नंबर लावून घ्या. 'आपला माणूस' कितीही चांगला असला तरी त्याला तो फोन येत नाही. आणि आजारी माणसाशी ओरडून बोलू नका. बाकी गोष्टी डॉक्टर सांगतील.

शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी श्रीपादचा फोन आला. घसा सुजला होता. शांतीला कळवलं होतं आणि तिने जे लिहून पाठवलं ते इथे देत नाही. रविवारचं वाक्य गेलं होतं, आणि त्यानंतरचं काय राहील हे कोणालाच माहीत नव्हतं.

"साहेबांचा फोन आला होता मला," श्रीपाद म्हणाला. "रडत होते." मग म्हणाला, "म्हणजे पहिलं वाक्य त्यांना."

मी एक टिचकी मारली.

"कसा आहे गं आवाज?"

याला टिचकीत उत्तर नव्हतं. मी तोंड उघडलं. वाराच आला. त्याला तो ऐकू गेला असावा, कारण तो एकदम म्हणाला, "नको, नको. राहू दे."

मग तो काही बोलला नाही. मीही नाही. आईचा ताप, दूध, सोसायटी, काहीच नाही. तो आता फोन ठेवेल, असं मला वाटलं. त्याने ठेवला नाही. बऱ्याच वेळाने त्याने सुस्कारा सोडला, आणि या खेपेला तो मला ऐकू आला.

"हो," तो म्हणाला. "जेवलो."